एका पेराचा चासेन, घोटभर माचा

वाडग्याच्या तळाशी चिमूटभर हिरवीगार भुकटी असते. तिच्यावर अर्ध्या वाटीहून कमी गरम पाणी पडते आणि बांबूचा एक छोटासा कुंचला मनगटाच्या झटक्यांसरशी पुढेमागे धावू लागतो. सुरुवातीला बांबू वाडग्याला घासल्याचा खरखरीत आवाज येतो. मग तो मऊ होत जातो. पंधरा-वीस सेकंदांत भुकटी दिसेनाशी होते आणि वर साय धरावी तसा फिकट हिरवा, बारीक बुडबुड्यांचा फेस जमतो. जपानी ‘माचा’ चहा तयार झाला.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या कॉफीघरांतूनही माचा मिळू लागला आहे. बर्फ, दूध आणि साखर घातलेल्या उंच पेल्यातून तो समोर येतो. मात्र त्या पेल्यात न दिसणारी एक वस्तू या चहाच्या मुळाशी आहे. ती म्हणजे फेस आणणारा बांबूचा कुंचला, अर्थात ‘चासेन’. ना डिंक, ना खिळा, ना सांधा. मूठ आणि तिच्यातून उमलल्यासारख्या दिसणाऱ्या शंभरावर काड्या हे सारे बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेले असते. लांबी जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटर. जपानमध्ये हाताने घडवल्या जाणाऱ्या चासेनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चासेन आजही एकाच गावातून येतात. नारा प्रांतातील इकोमा शहराच्या उत्तर भागात वसलेले ताकायामा हे ते गाव.

मराठी वाचकाला ‘माचा’ म्हटले की जुन्या घरातली खाट आठवण्याचा संभव आहे. जपानी शब्दाचा अर्थ मात्र सरळ आहे. ‘मा’ म्हणजे दळून केलेली पूड आणि ‘चा’ म्हणजे चहा. हा चहा पाण्यात उकळून गाळायचा नसतो. पानच दळलेले असते आणि ते पाण्यासकट पोटात जाते. म्हणूनच पूड पाण्यात एकजीव करणारे साधन त्याला अपरिहार्य ठरते.

चीनमध्ये विसरला, जपानमध्ये टिकला

चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची रीत मूळची चीनची. सुंग राजवटीत ती दरबारात आणि बौद्ध मठांत रूढ होती. सम्राट ह्वेझुंग याने बाराव्या शतकाच्या आरंभी चहावर लिहिलेल्या ग्रंथात घुसळण्याच्या बांबूच्या साधनाचाही विचार केला आहे. जपानी भिक्षू एइसाई हा चीनमधील अध्ययन संपवून ११९१ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याने चहाचे बी आणि ही रीत दोन्ही बरोबर आणली, असे मानले जाते. चहाचे आरोग्यदृष्ट्या गुण सांगणारा ‘किस्सा योजोकी’ हा त्याचा ग्रंथ १२११ चा. १२१४ मध्ये शोगुन मिनामोतो नो सानेतोमो याची प्रकृती ठीक नसताना एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत हा ग्रंथही दिला, अशी नोंद आहे.

पुढे गंमत अशी झाली की, चीनने स्वतःच ही रीत सोडून दिली. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३९१ मध्ये चहाच्या दाबून केलेल्या वड्यांचा नजराणा बंद केला आणि सुटी पाने गरम पाण्यात भिजवून पिण्याची पद्धत तेथे सर्वत्र झाली. समुद्रापलीकडे जपानमध्ये मात्र घुसळलेल्या चहाभोवती हळूहळू एक सबंध संस्कृती उभी राहिली. पंधराव्या शतकात मुराता जुको याने तिला साधेपणाचे वळण दिले आणि सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने ते वळण पूर्णत्वास नेले.

ताकायामा गावाची कथा याच जुकोशी जोडलेली आहे. तेथील सरदाराचा धाकटा मुलगा सोझेई हा जुकोचा स्नेही होता. चहा घुसळण्यासाठी योग्य असे साधन करून दे, अशी विनंती जुकोने त्याला केली आणि सोझेईने खटपट करून पहिला चासेन घडवला, असे परंपरा सांगते. तो सम्राट गो-त्सुचिमिकादोपुढे ठेवण्यात आला, तेव्हा सम्राटाने प्रसन्न होऊन त्याला ‘ताकाहो’ म्हणजे ‘उंच कणीस’ असे नाव दिले. गावाचे नावही त्यानंतर वेगळ्या चित्राक्षरांत लिहिले जाऊ लागले, असे सांगतात. पुढे सरदार घराणे दुसरीकडे गेले, पण जाताना चासेनची विद्या सोळा प्रमुख सेवकांकडे सोपवून गेले. या कुटुंबांनी ती जिवापाड जपली. विद्या एकाच मुलाला द्यायची, घराबाहेर जाऊ द्यायची नाही आणि काम रात्री, कोणाची नजर पडणार नाही अशा वेळी करायचे, असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे कमी पडू लागली, तेव्हा हा पडदा दूर झाला आणि चासेन दिवसाउजेडी घडू लागले. जपान सरकारने १९७५ मध्ये ‘ताकायामा चासेन’ला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला.

थंडीत वाळणारा बांबू

चासेनसाठी कोणताही बांबू चालत नाही. मुख्य मान आहे तो ‘हाचिकू’ या जातीला. त्याचे तंतू बारीक आणि सरळ असतात, तो उभा चिरताना आडवातिडवा फाटत नाही आणि पातळ केला तरी त्याचा लवचिकपणा जात नाही. बेटातला दोन-तीन वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडतात. कोवळा असला तर काडी मऊ राहते आणि फार जून झाला तर ती कडक व ठिसूळ होते. तोडलेला बांबू उकळत्या पाण्यात शिजवून त्याचा चीक आणि मळ काढला जातो. त्यानंतर ऐन थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, रिकाम्या शेतांतून हे बांबू उघड्यावर वाळत ठेवतात. तळाशी पसरलेले आणि माथ्याशी एकत्र आलेले बांबूंचे शंकू शेतात ओळीने उभे असतात. उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने हिरवा बांबू पांढुरका पिवळा होत जातो. एवढ्यावर तो कामाला येत नाही. पुढे काही वर्षे तो कोठारात मुरत पडतो आणि त्या काळात चिरणारे, किडणारे तुकडे आपोआप बाजूला पडतात.

दुसरा प्रकार काळसर जांभळ्या सालीच्या बांबूचा. तिसरा, सर्वांत दुर्मीळ प्रकार म्हणजे ‘सुसुदाके’. हा कोणत्याही बेटातून तोडून आणता येत नाही. जपानमधील जुन्या शाकारलेल्या घरांत मधोमध चूल असे. तिचा धूर शंभर-दोनशे वर्षे छपराच्या बांबूंना लागत राही आणि ते बांबू मधासारखे तांबूस-तपकिरी होत. घर पाडले जाई, तेव्हा हे बांबू हाती लागत. अशी घरेच आता उरत नसल्याने सुसुदाकेचा साठा दरवर्षी आटत चालला आहे. शिवाय जुना बांबू ठिसूळ झालेला असल्यामुळे काम करताना बराच वाया जातो, आणि तो गेलेला तुकडा पुन्हा मिळत नाही.

बोटांच्या टोकांवरचे काम

ताकायामाचे कारागीर चासेनच्या घडणीचे साधारणतः आठ टप्पे मोजतात. हत्यारे पाहावीत तर निराशाच व्हावी. एक-दोन लहान सुऱ्या, लाकडी ठोकळा आणि बारीक अणकुचीदार पट्ट्या. बाकी सारे दहा बोटांवर.

पहिल्यांदा पेर मधोमध न ठेवता, ते मुठीच्या भागात येईल अशा बेताने बांबूचा तुकडा कापतात. वरच्या अर्ध्या भागाची टणक बाह्य साल तासून तो भाग उभा चिरतात. जाडीनुसार बारा ते चोवीस समान कांबी होतात. प्रत्येक कांब बाहेरच्या बाजूस वाकवून तिच्यातला आतला भुसभुशीत गर सुरीने काढून टाकतात आणि सालीकडचा चिवट थर तेवढा ठेवतात. तुकडा या वेळी उमललेल्या फुलासारखा दिसतो. आपल्याकडचे बुरूड कांब काढतात, तेव्हाही सालीकडचा भाग मोलाचा आणि आतला गर टाकाऊ, हाच हिशेब असतो.

यानंतरचा टप्पा ‘कोवारी’, म्हणजे बारीक चिरणे. सोळा कांबी असतील तर प्रत्येकीचे दहा भाग होतात आणि एकशे साठ काड्या तयार होतात. त्याही एकसारख्या नव्हेत. एक रुंद, एक अरुंद, पुन्हा एक रुंद, अशा क्रमाने त्या चिराव्या लागतात. रुंद काड्या पुढे बाहेरच्या वर्तुळात जातात आणि अरुंद काड्या आतल्या. मोजपट्टी वापरली जात नाही. सुरीचे पाते कांबेवर टेकते, अंगठा किंचित दाबला जातो आणि चीर तळापर्यंत सरळ उतरते. एखादी चीर वाकडी गेली तर एक काडी नव्हे, सबंध तुकडा फुकट जातो.

कारागीर ज्या टप्प्याला सर्वाधिक महत्त्व देतात, तो याच्यापुढचा. त्याला ‘आजि-केझुरी’ म्हणतात. ‘आजि’ म्हणजे चव आणि ‘केझुरी’ म्हणजे तासणे. काड्यांची टोके गरम पाण्यात भिजवून मऊ करतात आणि एकेक काडी आतल्या अंगाने तळाकडून टोकाकडे निमुळती तासत नेतात. टोकाशी ती इतकी पातळ होते की, उजेडासमोर धरली तर आरपार दिसावे. मग पात्याने हलकेच ओढ देऊन टोकांना बाक दिला जातो. काडी किती पातळ, तिचा बाक कोठून सुरू होतो, ती किती लवते, यावर फेसाचा पोत ठरतो. आणि फेसाच्या पोतावर जिभेला लागणारी चव. बांबू तासण्याच्या कामाला ‘चव तासणे’ असे नाव पडावे, यातच या धंद्याचे मर्म आले.

रुंद काड्यांच्या दोन्ही कडा नंतर एकेक करून मोडल्या जातात. कड धारदार राहिली तर तिला चहा चिकटतो आणि काडी लवकर तुटते. त्यानंतर दोरा येतो. बाहेरच्या काड्यांमधून एकाआड एक दोरा गुंफून आतले आणि बाहेरचे असे दोन वेढे वेगळे केले जातात. हा दोरा बहुधा काळा असतो. गुंफण्याचे काम पुष्कळ घरांतून स्त्रियांकडे असते आणि ते दिसते तितके सोपे नाही. दोरा सैल राहिला तर काड्या गळपटतात आणि घट्ट ओढला तर त्या एका बाजूस कलतात. शेवटी बांबूच्या पट्टीने काड्यांचा घेर, उंची आणि अंतरे जुळवून चासेन हातावेगळा होतो.

हे काम कोणी एका दिवसात शिकत नाही, हे सांगायला नको. परंतु ते शिकायला कोण तयार आहे, हा प्रश्न आज अधिक बोचरा आहे. ताकायामात चासेन घडवणारी घराणी आता विसाच्या आसपासच उरली आहेत.

घराण्यांचे चासेन

रिक्यूच्या वंशजांपासून चहाची तीन मोठी घराणी निघाली. चासेनवरून ती ओळखता येतात. उरासेन्के घराण्यात पांढऱ्या बांबूचा चासेन वापरतात, ओमोतेसेन्के घराण्यात धुराने तांबूस झालेल्या सुसुदाकेचा आणि मुशाकोजीसेन्के घराण्यात काळसर जांभळ्या बांबूचा. काड्यांची संख्या, टोकांचा बाक, मुठीची जाडी यांतही फरक असतात. लहानमोठे भेद धरून ताकायामात सुमारे १२० प्रकारचे चासेन घडतात, असे सांगितले जाते.

सर्वसाधारण वाचकाला उपयोगी असा भेद एकच आहे. माचाचे दोन प्रकार असतात : ‘उसुचा’ म्हणजे पातळ आणि ‘कोइचा’ म्हणजे दाट. पातळ चहाला पुष्कळ आणि नाजूक काड्यांचा चासेन लागतो, कारण फेस हवा असतो. दाट चहात पुडीचे प्रमाण दुप्पट आणि पाणी निम्मे असते. तो जवळजवळ रंगासारखा घट्ट असतो आणि त्यात फेस अपेक्षितच नसतो. त्याला कमी आणि जाड काड्यांचा दणकट चासेन लागतो. जपानी भाषाही हा भेद पाळते. पातळ चहा ‘घुसळतात’, पण दाट चहासाठी जे क्रियापद आहे ते कणीक मळण्यासाठी वापरले जाते.

चासेन हे केवळ दिवाणखान्यातले साधन नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. तोयामा प्रांतातील ‘बाताबाता-चा’ हा आंबवलेल्या पानांचा गावठी चहा दोन चासेन एकत्र जोडलेल्या साधनाने घुसळतात. मात्सुए परिसरातील ‘बोतेबोते-चा’च्या फेसात भात आणि लोणची घालून खातात. ओकिनावात ‘बुकुबुकु-चा’चा फेस थोराड चासेनने भांड्याबाहेर डोकावेल इतका फुगवतात. शिष्टाचाराचे ओझे येथे कोणाच्या माथ्यावर नसते.

सावलीत वाढलेले पान

ज्या पुडीसाठी हा सारा खटाटोप, तिची कथाही थोडक्यात सांगायला हवी. माचासाठीच्या चहाच्या मळ्यावर तोडणीआधी सुमारे तीन-चार आठवडे सावली धरली जाते. जुनी पद्धत बोरूचे तट्टे आणि भाताचा पेंढा पसरण्याची. आता बहुतेक ठिकाणी काळे कृत्रिम कापड असते. ऊन कमी पडले की, पान अधिक हिरवे होते. त्यातले थिअनिन हे गोडसर, रसाळ चव देणारे द्रव्य टिकून राहते आणि तुरटपणा आणणारी द्रव्ये कमी बनतात. तोडलेले पान लगेच वाफवतात, न वळता वाळवतात आणि शिरा-देठ काढून टाकतात. उरलेल्या पापुद्र्यांना ‘तेंचा’ म्हणतात. हा तेंचा दगडी जात्यात दळला की माचा होतो. जाते मुद्दाम संथ फिरवतात, कारण वेगाने फिरवल्यास दगड तापतो आणि सुगंध जातो. एका जात्यातून तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम माचा पडतो. म्हणजे तासाभराच्या दळणात वीस वाडगे.

घरी करायचा तर

माचा करण्यातले सुख समजून घ्यायला चहागृह किंवा किमोनो लागत नाही. वाडगा, गाळणी, चासेन आणि दहा मिनिटांची सवड पुरते.

आधी चासेनची टोके गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवावीत. कोरडी काडी ताठ असते आणि पहिल्याच झटक्याला तुटू शकते. जपानी चहाविधीतही यजमान पाहुण्यांदेखत चासेन गरम पाण्यात फिरवतो आणि वर उचलून काड्या शाबूत असल्याची खात्री करून घेतो. त्याच पाण्याने वाडगाही तापतो. पाणी ओतून वाडगा कोरडा पुसावा आणि साधारण दोन ग्रॅम माचा गाळणीतून त्यात पाडावा. गाळायचा कंटाळा केला तर गुठळ्या राहतात आणि मग कितीही घुसळले तरी त्या फुटत नाहीत. वर साठ-सत्तर मिलिलिटर पाणी घालावे. पाणी ७०-८० अंशांचे असावे. तापमापक नसल्यास उकळलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे. दर ओतण्यागणिक ते काही अंशांनी उतरते. थेट उकळते पाणी घातले तर चहा कडवट होतो.

यानंतरची चूक मराठी हात हटकून करतात. चासेन म्हणजे रवी नव्हे. तो दोन तळव्यांत धरून फिरवायचा नाही, वाडग्यात गोल ढवळायचाही नाही. एका हाताने वाडगा धरावा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत चासेन पकडावा आणि मनगट सैल ठेवून तो पुढेमागे, जलद चालवावा. टोके तळाला दाबू नयेत. ती तळाच्या किंचित वर राहिली पाहिजेत. फेस येऊ लागला की, चासेन थोडा वर घेऊन पृष्ठभागावर संथ चालवावा. मोठे बुडबुडे फुटतात आणि बारीक राहतात. शेवटी एक वळसा घेऊन चासेन फेसाच्या मधोमध सरळ वर उचलायचा.

हा फेस येतो कशाने? रिठ्याच्या पाण्याला फेस आणणारी सॅपोनिन वर्गातील द्रव्ये चहाच्या पानातही असतात. शंभर काड्या एकाच वेळी पाणी कापत जातात, तेव्हा हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने त्यात अडकते. धातूच्या घुसळणीनेही फेस येतो, बॅटरीवर फिरणाऱ्या यंत्राने तर क्षणात येतो. पण धातू मातीच्या वाडग्याला ओरखडे पाडतो, आणि बांबूची काडी वाडग्याच्या गोलाईप्रमाणे जशी वाकते तशी तार वाकत नाही. यंत्राने वेळ वाचतो हे खरे. मात्र माचा करणाऱ्याला तो वेळ वाचवायचा असतो का, हा प्रश्न उरतोच.

फेस किती असावा यावर जपानमध्येच एकमत नाही. उरासेन्के घराणे वाडगाभर दाट फेस आणते. ओमोतेसेन्के घराण्यात फेस मोजका ठेवतात आणि चंद्रकोरीएवढा भाग मोकळा सोडतात. प्यायला बसणाऱ्याने आपल्या जिभेचे ऐकावे.

वापरानंतर चासेन कोमट पाण्यात हलवून धुवावा. साबण लावू नये, कारण बांबू तो शोषून घेतो. विकत घेताना मिळणारी प्लास्टिकची डबी प्रवासापुरतीच वापरावी. ओला चासेन तिच्यात बंद केला तर बुरशी धरते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर दोन दिवसही लागत नाहीत. चिनी मातीचा एक पोटफुगा ठोकळा यासाठी मिळतो. त्यावर चासेन उपडा बसवला की काड्यांचा घेर टिकतो आणि हवाही लागते.

जतन न होणारी वस्तू

चहाविधीतील इतर वस्तूंना दीर्घायुष्य लाभते. वाडग्यांना नावे असतात, ते पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित होतात. पूड काढण्याची बांबूची साधी चमचीही पूज्य ठरू शकते. रिक्यूने १५९१ मध्ये मृत्यूपूर्वी स्वतः कोरलेली ‘नामिदा’ म्हणजे ‘अश्रू’ नावाची चमची नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयात आजही आहे. चासेनच्या नशिबी हे नाही. रोज वापरला तर काही महिन्यांत त्याच्या टोकांचा बाक जातो, काड्या तुटू लागतात आणि तो बाद होतो. घडवणाऱ्याचे नाव वापरणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. जीर्ण चासेन कचऱ्यात टाकण्याऐवजी देवळात नेऊन देण्याची प्रथा मात्र जपानमध्ये आहे. तेथे मंत्रपठण करून ते अग्नीत अर्पण केले जातात. या विधीला ‘चासेन कुयो’ म्हणतात.

वस्तू झिजते म्हणूनच ती पुन्हा विकली जाते, आणि येथेच बाजार शिरतो. चीनमध्ये तयार झालेले चासेन गेली कित्येक दशके जपानच्या आणि जगाच्या बाजारात आहेत. किमतीत ते ताकायामाच्या चासेनच्या कितीतरी खाली असतात. त्यांतले सारेच वाईट नसतात आणि शिकाऊ माणसाने त्यावर हात बसवायला हरकत नाही. तक्रार आहे ती मूळ न सांगता ते जपानी म्हणून खपवण्याची. ताकायामाचा चासेन काही हजार येनांना मिळतो. शेजारी तसाच दिसणारा चासेन निम्म्याहून कमी किमतीत असेल, तर फरक पहिल्या दिवशी नव्हे, तिसाव्या दिवशी कळतो.

माचाच्या जागतिक लाटेने या चित्रात गुंतागुंत आणली आहे. जपानमधील तेंचाचे उत्पादन २०१० च्या सुमारास दीड हजार टनांच्या आसपास होते, ते २०२३ मध्ये चार हजार टनांवर गेले. तरीही मागणी पुरी होईना. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक जपानला गेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत क्योतोतील इप्पोदो आणि उजीतील मारुक्यू कोयामाएन या नामांकित पेढ्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. चासेनलाही गिऱ्हाईक वाढले. परंतु मळ्यावर आणखी कापड पसरता येते, जात्याशेजारी दुसरे जाते मांडता येते; चव तासणारी बोटे मात्र मागणी आली म्हणून वर्षभरात तयार होत नाहीत. शिवाय कॉफीघरातल्या माचाचा मोठा भाग यंत्रावरच घुसळला जातो. पुडीची भरभराट म्हणजे चासेनची भरभराट, असे समीकरण म्हणूनच सरळ मांडता येत नाही.

हाचिकू फुलला आहे

आणि आता खुद्द बांबूचाच प्रश्न आहे. बांबू फुलला की बेट मरते, हे सह्याद्रीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. मिझोराममध्ये २००६ ते २००८ च्या दरम्यान आलेला बांबूचा बहर आणि त्यामागून आलेली उंदरांची धाड आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून गाजली होती. तो बांबू साधारण पन्नास वर्षांनी फुलतो. चासेनचा हाचिकू त्याहून कितीतरी सावकाश चालतो. त्याचे चक्र सुमारे १२० वर्षांचे. जपानमध्ये तो याआधी १९०८ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर फुलला होता. म्हणजे पुढचा बहर याच दशकात अपेक्षित होता, आणि त्याची सुरुवात झाली आहे.

हिरोशिमा येथे २०२० मध्ये फुललेल्या हाचिकूच्या एका बेटाचा हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बेटातील सुमारे ऐंशी टक्के बांबू फुलले, परंतु रुजेल असे बी कोठेही धरले नाही. पुढच्या तीन वर्षांत त्या जागी नवा बांबूही उभा राहिला नाही. १९०८ नंतर हाचिकू पुन्हा जपानभर वाढला हे उघडच आहे, नाहीतर आजचे चासेन घडलेच नसते. तो वाढला कसा आणि त्याला किती वर्षे लागली, याचा शोध संशोधक घेत आहेत.

कोठारात मुरत ठेवलेला बांबू काही वर्षे पुरतो. सुसुदाके तर आधीच आटला आहे. तोवर दर हिवाळ्यात ताकायामाच्या शेतांतून बांबूंचे शंकू उभे राहतात. या थंडीत वाळलेला बांबू काही वर्षांनी कोणाच्या तरी सुरीखाली येईल.